कुर्ली काय म्हणाली

आठवीत असताना मी एक आख्खा सिनेमा न बघताच पाठ केला होता. त्यातलं प्रत्येक वाक्य मला येत होतं. कोण कधी बोलतं, मध्ये किती वेळ नुसता वारा वाहतो, हेसुद्धा ठाऊक होतं. त्यातलं चित्र मात्र मी एकच पाहिलं होतं, तेही झेरॉक्सवर. त्यात एक काळा डोंगर होता आणि डोंगराला पाय होते.

मुलुंडच्या आमच्या मराठी शाळेत चित्रकलेला कोणी विचारत नसे. गणिताच्या बाईंचा धडा उरला की त्या सरळ चित्रकलेचा तास घ्यायच्या आणि आमचे चित्रकलेचे सर खडूंची पेटी काखेत मारून निमूट परत जायचे. पण महिन्यातल्या एका रविवारी सर राजे असत. त्या दिवशी ते मुलांना सिनेमा दाखवत. शहरातल्या एका फिल्म सोसायटीत त्यांची ओळख होती. तिथून रिळांचे डबे यायचे. पडदा, प्रोजेक्टर, सतरंज्या सगळं सर स्वतः लावायचे. आम्ही रशियातली अस्वलं पाहिली, झेकोस्लोव्हाकियातल्या मातीच्या बाहुल्या पाहिल्या. भाषा कळायची नाही, म्हणून सर प्रोजेक्टरशेजारी उभे राहून मोठ्याने मराठीत सांगायचे. त्यांचा आवाज मागपर्यंत पोचत नसे. मागची मुलं ओरडायची, "सर, काय बोलला तो?"

ऑगस्टमध्ये एके दिवशी सरांनी मला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. माझे निबंध वर्गात वाचले जायचे, तेवढीच माझी ओळख.

"जपानचा सिनेमा येतोय," ते म्हणाले. "यंदाच झालाय. सगळा चित्रांचा, हाताने काढलेला. भारतात एकच प्रिंट येणार, गावोगाव फिरणार आणि एक दिवस आपल्याला मिळणार. दिवाळीच्या सुट्टीत."

मी म्हटलं, "मस्तच की, सर."

"मस्त काय? सबटायटल नाहीत, काही नाही. जपानीत आहे सगळं." त्यांनी टाइप केलेल्या कागदांचा गठ्ठा पुढे केला. "हे संवाद. जपान्यांनीच इंग्रजीत करून दिलेत. ह्याचं मराठी करायचं आणि माइकवरून वाचायचं, चित्र चालू असताना. लिहायचं तू आणि वाचायचंही तूच."

त्या बावीस पानांवर सहा रिळांचे सहा भाग होते आणि प्रत्येक वाक्याला आकडा होता. माझं इंग्रजी म्हणजे पाचवीपासूनचं. घरी शब्दकोश नव्हता. सरांनी त्यांचा दिला, त्याचा पुठ्ठा सुटलेला होता आणि 'क्यू'ची पानं गायब होती.

गोष्ट अशी होती. समुद्रात एक बेट आहे. त्यावर गाव, भाताची खाचरं, एक शाळा. तिथल्या एका मुलीला झोपेत जमीन हलल्यासारखी वाटते. ती खणते, ऐकते, किनाऱ्यावरून पोहत खाली जाते आणि तिला कळतं की बेट हे बेट नाही, तो एक प्रचंड खेकडा आहे. तीनशे वर्षं तो हलला नाही, कारण पाठीवर माणसं राहतात. आता त्याचं कवच त्याला लहान होतंय. ते टाकलं नाही तर तो मरेल आणि टाकलं तर गाव बुडेल. मुलगी सगळ्यांना सांगत सुटते, कोणी ऐकत नाही. पूर्ण सिनेमात खेकडा एकदाच बोलतो, पाचव्या रिळात. दोनच वाक्यं.

हे सगळं इंग्रजीतून लावायला मला आठवडा लागला. मग मी अडकले. समुद्र मी पाहिला होता तो चौपाटीवरचा. गोष्टीतल्या लोकांकडे होड्या होत्या, जाळी होती, पाण्याच्या चढउतारावर त्यांचं सगळं जगणं होतं. आणि माझ्याकडे शब्द दोन, 'लाट' आणि 'किनारा'.

माझे वडील मूळचे मालवणकडचे. गिरणीत होते. संप झाला, लांबला, नोकरी गेली आणि आम्ही परळची खोली सोडून मुलुंडला डोंगराच्या बाजूला चाळीत आलो. त्यांना कांजूरमार्गच्या एका कारखान्यात गेटवर काम मिळालं. आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. गिरणीत असताना ते नाटकाच्या तालमी करायचे, भांडायचे, हसायचे. संपानंतर त्यांनी बोलणंच टाकलं. घरी यायचे, जेवायचे आणि खिडकीत बसायचे. कारखान्याच्या धुराचा वास कपड्यांना येतो म्हणून आई शर्ट बाहेरच वाळत घालायची, एवढ्यावरूनच काय ते दोघांचं बोलणं व्हायचं.

एका संध्याकाळी मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"बाबा, समुद्राचं पाणी उतरतं त्याला काय म्हणतात?"

"ओहोटी. शाळेत शिकवूक नाय?"

"तुमच्या गावाला काय म्हणतात?"

त्यांनी वहीत डोकावून बघितलं. "सुकती," म्हणाले. मग विचारलं, "कित्याक होया?"

मी गोष्ट सांगितली. खेकडा म्हटल्याबरोबर त्यांनी मला थांबवलं. "खेकडो नाय गो. कुर्ली. खेकडो म्हटला की डोळ्यासमोर काय येता? कायच नाय. कुर्ली म्हण. आणि ती कवच टाकता ना, ता खरा आसा. त्या वक्ताक ती मऊ पडता, लोण्यासारकी. खंयतरी लपान बसता. कोणव येवन खायत म्हणान भियेता."

त्या संध्याकाळी ते तासभर बोलत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हाताला पीठ तसंच होतं.

मग रोजच सुरू झालं. मी शाळेतून वाक्यं घेऊन यायची आणि बाबा त्यांना हात लावायचे. कुठे 'उधाण' आलं, कुठे 'वल्हं', कुठे फेकायच्या जाळ्याला 'पाग'. मुलीच्या आजोबांच्या तोंडी असलेला वाऱ्यावरचा एक मोठा उतारा त्यांनी आख्खा बदलायला लावला, कारण म्हणे असा वारा सुटल्यावर कोणी एवढं बोलत उभं राहत नाही.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते कुर्लीच्या वाक्यांवर. इंग्रजीत होतं, 'आय मस्ट ग्रो. काइंडली अलाइट.' मी लिहिलं, 'मला वाढले पाहिजे. कृपया उतरून घ्या.'

बाबा हसायला लागले. इतके, की त्यांना ठसका लागला. "कंडक्टर आसा काय ती?" डोळे पुसत ते म्हणाले. "अगो, तीनशे वर्सां पाठीर घेवन बसली हा ती तुमका. माया आसतली ना?" बराच वेळ विचार करून त्यांनी सांगितलं, "उतरा रे लेकरांनो. माका वाढाचा आसा." मी तेच घेतलं, फक्त शहरी मराठीत. उतरा रे लेकरांनो. मला वाढायचंय.

दिवाळीत सिनेमा आला नाही. प्रिंट दुसऱ्याच शहरात अडकली होती. सर म्हणाले, जानेवारी. जानेवारीतही नाही. दर सोमवारी मी टीचर्स रूमच्या दारात उभी राहायची आणि सर दुरूनच मान हलवायचे. पण तालमी चालू होत्या. सर हातात घड्याळ धरून बसायचे, मी वाचायची. कुठे श्वास घ्यायचा तिथे त्यांनी पेन्सिलीने छोट्या चांदण्या काढून दिल्या होत्या. "घाई नको," ते म्हणायचे. "चित्राला बोलू दे आधी. तू त्याच्या मागून ये." माझ्याशी कोणी मोठं माणूस इतक्या गंभीरपणे कधी बोललं नव्हतं. रात्री डोळे मिटले की मला सिनेमा दिसायचा. मीच रंगवलेला, मीच हलवलेला. खऱ्या सिनेमात ह्याच्याहून काय काय असेल, हे मी अंथरुणात मोजत बसायची.

चाळीत सगळ्यांना माहीत झालं होतं. शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "आला का गं तुमचा खेकडा?" आई म्हणायची, "कुर्ली म्हणा. नाहीतर घरात भांडण होईल."

मार्चमध्ये तारीख ठरली. गर्दी होणार म्हणून शाळेचा वर्ग पुरणार नव्हता. सरांनी जवळच्या एका संस्थेचा हॉल मिळवला, खुर्च्यांचा आणि पंख्यांचा. शुक्रवारी त्यांनी माझी वही मागून घेतली.

"एक प्रत काढून ठेवतो," म्हणाले. "ऐनवेळी हरवली तर वाट लागेल."

मी वही दिली. मला ती लागतच नव्हती.

रविवारी सकाळी दहाला शो होता. आईने मला नवा पंजाबी ड्रेस शिवला होता, निळा. बाबांनी गेटवरची पाळी बदलून घेतली होती आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. गिरणीतल्या नाटकांच्या वेळी घालायचे तसला. चाळीतली सातआठ मंडळी बरोबर होती. मी सगळ्यांच्या पुढे चालत होते.

हॉलमध्ये पडद्याच्या बाजूला एक टेबल होतं. टेबलावर माइक, छोटा दिवा आणि माझी वही. आणि खुर्चीत एक मुलगी. माझ्याच वयाची, केसांना पांढरा बॅंड, पायात बूट-मोजे. ती वहीची पानं उलटत ओठांतल्या ओठांत वाचत होती.

मला वाटलं, नुसती बघायला बसली असेल. मी टेबलाशी गेले. "ही माझी वही आहे."

"हो, सरांनी दिलीय मला," ती म्हणाली. वाईट नव्हती ती बिचारी. "तू लिहिलंयस ना? अक्षर छान आहे तुझं. हा शब्द काय आहे गं? 'सुकती'?"

तेवढ्यात सर आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला बाजूला नेलं.

"हे बघ, ऐक. ही संस्थेच्या अध्यक्षांची पुतणी आहे. काल संध्याकाळी त्यांचा निरोप आला. हॉल फुकट दिलाय त्यांनी, नाही कसं म्हणणार? आणि तिला स्टेजची सवय आहे, बक्षिसं मिळालीयेत."

"पण सर, तिने तालीम केली नाहीये."

"वाचायचंच तर आहे. तू सगळं लिहून ठेवलंयस की."

"तुम्ही मला काल का नाही सांगितलंत?"

सर माझ्याकडे न बघता प्रोजेक्टरकडे बघत होते. "तू समजूतदार आहेस," ते म्हणाले. "मला माहीत होतं तू समजून घेशील. पहिल्या रांगेत जागा ठेवलीय तुमच्यासाठी. बाबांना घेऊन बस."

समजूतदार. मी तेरा वर्षांची होते आणि हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा मला थपडेसारखा लागला. मी जाऊन बसले. बाबांनी विचारलं, "थंय नाय बसनंस?" मी म्हटलं, "दुसरी वाचणार आहे." इस्त्रीच्या शर्टाची बाही ते नुसती सरळ करत राहिले.

सुरुवातीला अध्यक्षांचं भाषण झालं. मग सरांनी आभार मानले. अध्यक्षांचे, फिल्म सोसायटीचे, पंखे दुरुस्त करून देणाऱ्याचे. "आणि मराठी निवेदन," असं म्हणून त्यांनी त्या मुलीचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. शेजारच्या काकू मागून म्हणाल्या, "अरे, आपल्या पोरीचं नाव?" कोणीतरी त्यांना गप्प केलं.

अंधार झाला आणि पडद्यावर समुद्र आला.

मी इतके महिने जे मनात रंगवलं होतं त्याचा आणि ह्याचा काही संबंध नव्हता. माझा समुद्र निळा होता. हा हिरवा, करडा, मध्येच जांभळा होता आणि प्रत्येक लाट वेगळी काढलेली होती. खाचरातल्या पाण्यात ढग हलत होते. ती मुलगी धावायची तेव्हा तिची एक चप्पल दर वेळी निसटायची, हे संवादांच्या कागदात कुठेच नव्हतं. मला रडू येत होतं आणि ते कशाचं होतं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

आणि ह्या सगळ्यावरून माझी वाक्यं कोणीतरी सपासप वाचत होतं. स्वच्छ, ठसक्यात, वक्तृत्व स्पर्धेसारखं. चांदण्या होत्या तिथे ती थांबत नव्हती, नसलेल्या ठिकाणी थांबत होती. बाबांचं 'सुकती' तिने 'सुक्ती' केलं. बाबा खुर्चीत जरासे हलले. मग म्हणाले, अगदी हळू, "ह्या तुझाच मा?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "बरा."

तिसऱ्या रिळात तिची दोन पानं एकदम उलटली गेली. पडद्यावर आजोबा जाळं विणत होते आणि माइकवरून गावच्या बायका भांडत होत्या. हॉल हसायला लागला. ती गडबडली, मागे गेली, पुढे आली. चौथ्या रिळात मारामारीच जास्त, तिथे निभावलं. पण पाचवं रीळ लागलं तेव्हा ती पूर्ण हरवली होती. वहीवरच्या दिव्यात तिचं तोंड दिसत होतं. लालबुंद. मग ती थांबलीच.

मागून आवाज आले, "काय झालं? काय बोलतायत?"

प्रोजेक्टरपाशी सर अंधारात उभे होते. त्यांनी मला हाताने खूण केली. ये. मी बघितलं, पण बघितलं नाही असं दाखवलं. त्यांनी पुन्हा केली, ह्या वेळी दोन्ही हातांनी. ती मुलगी अर्धवट उठून खुर्ची रिकामी करत होती. बाबांनी मला कोपराने ढोसलं. "जा. बोलवतत तुका."

मी गेले नाही.

पडद्यावर पाणी शांत झालं. समुद्रातून दोन डोळे वर आले, देवळाच्या घंटांएवढे. खाली किनाऱ्यावर ती एका चपलेची मुलगी उभी होती. आख्ख्या हॉलमध्ये पंख्यांचाच काय तो आवाज. आणि कुर्ली बोलली.

मी इतके दिवस तो आवाज म्हाताऱ्या बाईचा धरला होता. जड, मायेचा. पण तो लहान मुलाचा आवाज होता. चारपाच वर्षांच्या, घाबरलेल्या मुलाचा. तीनशे वर्षं म्हणजे कुर्लीचं बालपणच असणार, हे ना मला सुचलं होतं ना बाबांना. 'लेकरांनो' चुकलं होतं. लेकरू तर तिथे ती कुर्लीच होती.

दोन वाक्यं बोलून ते थांबलं. सगळ्या हॉलला कळलं की काहीतरी मोठं बोललं गेलंय आणि काय ते कोणालाच कळलं नाही. माझ्या मागच्या रांगेतला कोणाचा तरी बारका भाऊ विचारत होता, "काय म्हणाला? ताई, काय म्हणाला तो?" तो मलाच विचारत होता. मी मागे वळले नाही.

नंतर अनेक वर्षं मी लोकांना असं सांगितलं की भाषांतर चुकल्याचं त्या क्षणी कळलं, म्हणून मी उठले नाही. ते खरं नाही. सरांनी खूण केली तेव्हा कुर्ली अजून बोललीच नव्हती.

शेवटची वीस मिनिटं कोणीच काही वाचलं नाही. मुलं कंटाळली, बाहेर जाऊन आली. सिनेमा संपल्यावर सर माझ्याकडे आले नाहीत, मीही गेले नाही. वही टेबलावरच राहिली.

घरी येताना बाबा बाकीच्यांच्या मागे चालत होते. मला वाटलं ते सरांना शिव्या घालतील. गिरणीतले बाबा असते तर घातल्या असत्या. चाळ दिसू लागली तेव्हा म्हणाले, "त्या सरान वाईट केल्यान. पण कुर्ली काय म्हणाली ता सांगूक होया होता. लोकां वाट बघत होती."

"तुम्ही पण सरांच्याच बाजूने?" मी म्हटलं.

"बाजू खंयची गो?" ते म्हणाले. त्या संध्याकाळी ते पुन्हा खिडकीत जाऊन बसले. मी वही घेऊन पुन्हा कधीच त्यांच्या पुढ्यात बसले नाही. माझ्याकडे वही नव्हती, हे एक झालं. पण दुसरी आणता आली असती.

मी रविवारच्या सिनेमाला जाणं सोडलं. सरांच्या तासाला खिडकीबाहेर बघायची. त्यांनी एकदा, वर्ग सुटल्यावर, "अजून रागावलीयेस का?" असं विचारलं. मी "नाही सर" म्हटलं आणि निघून आले. वर्षभरात त्यांची दुसऱ्या शाळेत बदली झाली.

मग थेट पंचवीसएक वर्षांनी ते मला घाटकोपरला एका लग्नात भेटले. केस सगळे गेले होते. त्यांनीच मला ओळखलं. मी भाषांतराची कामं करते हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. बाबांची चौकशी केली. मी म्हटलं, जाऊन दोन वर्षं झाली. ते "अरेरे" म्हणाले आणि ताटातली जिलबी त्यांनी बाजूला सारली.

"एक बोलू?" मग ते म्हणाले. "त्या दिवशी मी किती हात केले तुला. तू बघत होतीस. मी मनात म्हटलं, चूक झाली आपली, पण ही पोरगी सांभाळून घेईल. तू फार दगा दिलास मला."

माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता. मला पंचवीस वर्षांची उत्तरं तोंडपाठ होती, एकेक वाक्य, श्वासासकट. सर वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं. त्यांना खरंच लागलं होतं ते आणि इतकी वर्षं तसंच राहिलं होतं.

"तुम्ही मला आदल्या दिवशी सांगायला हवं होतं, सर," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "पण तू उठायला हवं होतंस."

तेवढ्यात त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला. सरांनी माझी त्याच्याशी ओळख करून दिली, "माझी विद्यार्थिनी, फार हुशार," असं म्हणून. मी हात जोडले. ते जिना उतरून जाईपर्यंत मी तिथेच उभी होते आणि माझा राग जसाच्या तसा होता.